गाळाचं बिल घनमीटरात, विष मिलिग्रॅमात

मे महिन्यात सोलापूरच्या कडेच्या एखाद्या तळ्यावर गेलात तर पाणी कमी आणि ट्रॅक्टर जास्त दिसतात. गेल्या उन्हाळ्यात मी असाच बांधावर उभा होतो. पोकलेन घास घेतल्यासारखा गाळ उचलून ट्रॉलीत टाकत होता. वरचा थर भेगाळलेला, राखाडी. खालून निघणारा मात्र काळाकुट्ट, लोण्यासारखा मऊ, आणि सडक्या अंड्याच्या वासाचा. त्या काळ्यात दुधाच्या पिशव्या होत्या, नारळाच्या शेंड्या होत्या, आणि गणपतीचा एक हात होता, अजून रंग धरून असलेला. ट्रॉलीवाल्याला विचारलं, "काय ओ, गाळ कुठं निघालाय?" तो म्हणाला, "ज्याला पायजे त्याला. भाडं द्या, गाळ फुकट."

फुकट, आणि कुठंही. माझा आक्षेप नेमका या दोन शब्दांना आहे.

आपल्या भागात गाळाला वाईट म्हणणारा माणूस सापडणार नाही. माळरानावर बोटभर मातीखाली मुरूम लागतो. तिथं चार बोटं गाळ पसरला की पुढची काही वर्षं ज्वारी खुशीत येते. उजनीचं पाणी उतरलं की काठावर गाळपेर होते, आणि त्या गाळपेर जमिनीवरून भांडणंही होतात. २०१७ साली सरकारनं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली ती याच शहाणपणावर. गावतळ्याच्या बाबतीत ती योजना मला मनापासून पटते. शिवारातली माती पावसानं वाहून तळ्यात गेली, ट्रॅक्टरनं ती परत शिवारात आली. घरचंच घरात.

शहरातल्या तळ्याचं तसं नाही. तिथं शेताची माती येत नाही, शहर येतं. गटार, रस्त्यावरची धूळ, गॅरेजचं ऑइल, मूर्तींचे रंग, फुटलेल्या ट्यूबलाइट. पावसाचं पाणी शहर धुऊन काढतं आणि ती धुवण तळ्याच्या बुडाशी थरावर थर बसते. दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो, गाळ. म्हणून दोन्हीचा शेवटही एकच होतो. कुणाच्या तरी शेतात.

या धुवणीतल्या एकाच पदार्थाबद्दल इथं लिहितोय. पाऱ्याबद्दल. शिसं, कॅडमियम, क्रोमियम यांचीही भीती आहेच. पण गाळ उपसणं आणि तळं साफ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाऱ्याइतकं स्पष्ट कुणी शिकवत नाही.

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एकदा वायुभारमापक फुटला होता. फरशीवर चांदीचे मणी पळाले. आम्ही पोरं त्यांच्यामागं. तळहातावर घेऊन एकाचे दोन, दोनाचा एक करण्यात तास गेला. शेवटी सरांनी पोस्टकार्डानं सगळे मणी गोळा करून मोरीत लोटले आणि वर बादलीभर पाणी ओतलं. त्यांचं फार चुकलं असंही नाही; तेव्हा सगळेच तसं करत. पण ती मोरी कुठं जाते, हे वर्गातल्या साठ जणांपैकी एकानंही विचारलं नाही. पारा जळत नाही, कुजत नाही, विरत नाही. तो फक्त जागा बदलतो, आणि बहुतेक वेळा त्याची शेवटची जागा कुठल्या तरी पाण्याचा तळ असते.

तळाशी त्याचं रूप बदलतं. गटाराचं पाणी आणि कुजलेली जलपर्णी तळातला प्राणवायू खाऊन टाकतात. मग तिथं सल्फेटवर जगणारे जीवाणू माजतात. सडक्या अंड्याचा तो वास त्यांचाच. त्यातलेच काही पाऱ्याला मिथाइल नावाचा कार्बनचा छोटा तुकडा जोडतात, तो झाला मिथाइल पारा. साधा पारा पोटात गेला तर बराचसा बाहेर पडतो. मिथाइल पारा रक्तात शिरतो, मेंदूपर्यंत जातो, गर्भवतीच्या वारेतून पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. शेवाळातून किड्यात, किड्यातून लहान माशात, लहान माशातून मरळ-वामीसारख्या शिकारी माशात, असा पायरीपायरीनं तो साठत जातो. वरच्या पायरीवर त्याचं प्रमाण पाण्यातल्यापेक्षा लाखो पटींनी जास्त भरू शकतं. म्हणून 'पाण्याचा रिपोर्ट चांगला आलाय' हे उत्तर इथं चालत नाही. पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम. ती पाळणाऱ्या तळ्यातला मासाही खाण्याजोगा नसू शकतो. मासा वेगळा तपासावा लागतो, गाळ वेगळा.

वास आला म्हणजे पारा आहे, असं नव्हे. वासाचा अर्थ एवढाच की चूल पेटलेली आहे. भांड्यात काय आहे ते झाकण काढून बघायला हवं.

झाकण उशिरा काढणाऱ्यांची गोष्ट जगाला ठाऊक आहे. जपानमधल्या मिनामाटात चिस्सो कंपनी ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनवताना पारा वापरायची आणि सांडपाणी समुद्राच्या खाडीत सोडायची. आधी मांजरं वेडीवाकडी नाचून मेली. १ मे १९५६ ला माणसांच्या आजाराची अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठानं सेंद्रिय पाऱ्यावर (मिथाइल पारा त्यातलाच) बोट ठेवलं. त्याच वर्षी कंपनीनं सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र वाजतगाजत बसवलं. ते यंत्र पारा काढण्यासाठी केलेलंच नव्हतं! पण बसवलं म्हणजे प्रश्न सुटला असं सगळ्यांनी धरून चालायचं होतं. पारा वापरणं थांबलं ते १९६८ मध्ये. उद्घाटनाच्या फितीवर विसंबणारे आपण एकटेच नाही, हे वाचून थोडं बरं वाटलं.

खाडी साफ करायला मात्र १९७७ ते १९९० अशी वर्षं गेली. किलोमागे २५ मिलिग्रॅमहून जास्त पारा असलेला गाळ, सुमारे १५ लाख घनमीटर, उपसून खाडीच्याच एका कोपऱ्यात भिंतीआड कोंडला आणि वर ५८ हेक्टर जमीन तयार केली. खर्च सुमारे ४,८५० कोटी येन. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून खाडीला जाळं लावलं होतं, ते १९९७ पर्यंत निघालं नाही. आतले मासे कोळ्यांकडून विकत घेऊन ड्रममध्ये भरून पुरले. यात आपल्या उपयोगाची एक गोष्ट आहे. उपसा सुरू व्हायच्या आधी दोन बाबी ठरल्या होत्या: किती पाऱ्याच्या वरचा गाळ काढायचा, आणि काढलेला कुठं ठेवायचा. जपान्यांनी तो शेतकऱ्यांना फुकट वाटला नाही.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातलं, ओनोंडागा तलावाचं. ते मला सोलापूरला जास्त जवळचं वाटतं. एक तर तिथल्या मूळच्या ओनोंडागा लोकांसाठी ते पाणी पवित्र, जसं आपल्याला सोलापूरच्या सिद्धेश्वर तळ्याचं. दुसरं कारण कॉस्टिक सोडा. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक आणि क्लोरीन काढायची जुनी पद्धत पाऱ्याच्या सेलची होती. त्या काठावरच्या कारखान्यानं १९४६ ते १९७० या काळात सुमारे ७५ टन पारा तलावात सोडला, असा अंदाज आहे. आता सोलापूरच्या पूर्व भागातलं सूत रंगवायचं कुठलंही डाइंग आठवा. दारातच कॉस्टिक आणि हायड्रो या रसायनांचे पिंप. चादरीचा पक्का रंग त्यांच्याशिवाय बसत नाही. भारतातल्या कारखान्यांनी आता पाऱ्याचे सेल सोडून मेम्ब्रेनची पद्धत धरली आहे, पण त्याआधी कित्येक वर्षं पाऱ्याच्या सेलमधलंच कॉस्टिक देशभर विकलं जायचं, आणि त्यात पाऱ्याचा अंश उतरायचा. (मर्सराइज्ड सुताचा मात्र मर्क्युरीशी संबंध नाही. ते नाव जॉन मर्सर नावाच्या इंग्रजाचं. डाइंगवाल्यांनी उगाच दचकू नये.) यात डाइंगवाल्याचा दोष कुठंच नाही. त्यानं बाजारात मिळालं ते कॉस्टिक आणलं. मुद्दा एवढाच की गाळ मोजायला आपल्याकडे कारण आहे.

आणखीही कारणं आहेत. मूर्तीच्या लाल रंगात पूर्वी हिंगूळ वापरत, तो पाऱ्याचा, शेंदूर शिशाचा. दवाखान्यातली रक्तदाबाची जुनी यंत्रं, थर्मामीटर, सीएफएल दिवे हे सगळं घंटागाडीत किंवा गटारात गेलेलं आहे. दगडी कोळशातही पारा अंशमात्र असतो आणि जळला की धुराड्यातून हवेत जातो. म्हणून तर २०१५ च्या अधिसूचनेत औष्णिक केंद्रांच्या धुरातल्या पाऱ्यावर मर्यादा घातली गेली. आपल्या शेजारीही १,३२० मेगावॅटचं केंद्र उभं आहे. हवेतला पारा पावसाबरोबर कुठं उतरतो, हे वेगळं सांगायला नको.

ओनोंडागावर परत येतो, कारण तिथं पुढं काय झालं ते निविदा काढणाऱ्या प्रत्येकानं वाचावं. २०१२ ते २०१४ अशी तीन वर्षं सुमारे १७ लाख घनमीटर गाळ उपसला. तो पाइपातून काही मैल दूर नेऊन कापडाच्या अवाढव्य पिशव्यांत भरला. तिथल्या शेजाऱ्यांनी वासावरून आरडाओरडा केला, तो वेगळाच. तरीही सगळा गाळ काढला नाहीच. तलावाच्या बऱ्याच भागात वाळू, खडी आणि कार्बनचा थर टाकून विष झाकून ठेवलं. ओनोंडागा लोक म्हणाले, झाकणं म्हणजे साफ करणं नव्हे. त्यांचं म्हणणं मला चूक वाटत नाही. पण खोल पाण्यात जे केलं ते मला सगळ्यांत शिकण्यासारखं वाटतं. २०११ पासून दर उन्हाळ्यात तळाशी कॅल्शियम नायट्रेट सोडलं. नायट्रेट मिळालं की ते सल्फेटवाले जीवाणू मागं पडतात आणि मिथाइल पारा तयार होणंच कमी होतं. एक घमेलं गाळ न उचलता.

आपण उजनीत नायट्रेट ओतावं, असं कुणी यातून काढू नये. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या मैल्यानं ते काम केव्हाच गरजेपेक्षा जास्त केलं आहे, आणि त्यातून जलपर्णी माजून वेगळीच आपत्ती उभी आहे. धडा वेगळा आहे. विषाची मात्रा आणि विषाचा उपद्रव या दोन गोष्टी आहेत. तळात किती पारा पडलाय यापेक्षा माशात किती चढतोय हे महत्त्वाचं. गटार बंद केलं, तळाला प्राणवायू मिळाला, तर चूल विझते. गाळ कितीही उपसा आणि गटार तसंच ठेवा, चूल पुढच्या वर्षी पुन्हा पेटेल.

आता आपली निविदा बघा. गाळ काढण्याचं बिल घनमीटरवर किंवा ब्रासवर (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) निघतं. जास्त ब्रास, जास्त पैसे. ठेकेदार वाईट असतो असं मी म्हणत नाही. तो निविदेत लिहिलंय तेच करतो. जिथं पोकलेन सहज उतरतो तिथून उचलतो. विष कुठल्या कोपऱ्यात आणि किती खोल आहे, हे त्याला कुणी विचारलेलं नाही आणि त्याचे पैसेही नाहीत. जुनं विष अनेकदा नव्या, तुलनेनं बऱ्या गाळाखाली गाडलेलं असतं. वरचा मीटरभर थर उचलला की आपण खर्च करून ते उघडं पाडतो. पुढच्या पावसात ते ढवळलं जातं. कोरडा पडून पुन्हा भिजलेल्या गाळात मिथाइल पारा जास्त बनतो, हे जलाशयांच्या अभ्यासातून दिसलेलं आहे. म्हणजे एका उन्हाळ्याच्या उपशानं मासे आधीपेक्षा वाईटही होऊ शकतात, आणि मोजमापवहीत मात्र काम शंभर टक्के पूर्ण.

माझी मागणी छोटी आहे. पोकलेनच्या आधी पाइप उतरू द्या. उन्हाळ्यात पाणी कमी असताना पीव्हीसीचा पाइप गाळात दाबायचा, वरून बूच मारायचं, ओढून काढायचा. आत गाळाचा खांब येतो, वह्यांच्या थप्पीसारखा. वरची वही यंदाची, खालची आजोबांच्या काळातली. तो चार-चार बोटांवर कापून प्रत्येक चकती तपासायची. एका तळ्यात दहा-पंधरा जागी असं केलं तर काय, कुठं आणि किती खोल हे कळतं. सोलापूर विद्यापीठाला स्वतःचं भूशास्त्र संकुल आहे. पोरांना यापेक्षा चांगलं प्रात्यक्षिक कुठलं? जोडीला त्याच तळ्यातले दहा-वीस मासे. खाद्यपदार्थांत मिथाइल पाऱ्याची कायदेशीर मर्यादा किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम आहे, तिच्याशी ताडून बघायचं. आकडे तळ्याच्या काठावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत लावायचे. चांगले आले तर नाचू. गाळ खुशाल वाटा.

वाईट आले तर गाळाला कायमचा पत्ता शोधावा लागेल. महाराष्ट्रात घातक कचऱ्याची शास्त्रीय सोय रांजणगावसारख्या ठिकाणी आहे, ती महाग आहे. म्हणूनच सगळा गाळ तिथं न्यायचा नसतो. मोजलेलं असेल तर नेमका वाईट भाग नेता येतो, बाकीचा झाकता येतो, काहीला हातही न लावता नव्या गाळाखाली गाडला जाऊ देता येतो. न हलवणं हाही एक उपाय आहे. त्याची फीत कापता येत नाही, एवढाच त्याचा दोष.

यावर दोन आक्षेप मी ऐकलेत. पहिला: ज्या शहराला वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी येतं तिथं हे पाऱ्याचे चोचले कशाला? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. घागरी मोजत मोठा झालेला माणूस पाण्यापुढं बाकी सगळं दुय्यम मानणारच. पण तळ्याभोवती पदपथ, रंगीत दिवे, कारंजी यांसाठी पैसे निघतात तेव्हा हा आक्षेप कुणी घेत नाही. त्यातल्या एका दिव्याच्या रांगेत पाइपाचं काम होईल.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. दुष्काळी मुलुखात तळ्याची साठवण वाढवायलाच हवी, तपासण्या करत बसलो तर पाऊस येऊन जाईल. हिप्परग्यासारख्या मोठ्या तलावाबद्दल हे खरं आहे. तिथं बहुतांश शिवाराचं पाणी येतं, साठवण हाच तिथला मुख्य प्रश्न. तिथं वरवरच्या तपासणीवर काम सुरू करावं, मला मान्य आहे. पण शहरातल्या सिद्धेश्वर किंवा कंबर तलावाचं पाणी काही आपण पिण्यासाठी अडवलेलं नाही. तिथं घाई कुणाला आहे? बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या हातांनी सिद्धेश्वर तळं खोदून घेतलं. गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता टाकताना आपण त्याच पाण्याच्या काठावर उभे असतो. एवढी शतकं थांबलेलं तळं एक उन्हाळा अजून थांबेल.

शेतात गेलेल्या पाऱ्यानं ज्वारी लगेच विषारी होते, असंही मी म्हणणार नाही. मुळातून दाण्यात पारा फारसा चढत नाही. भाताच्या तुंबलेल्या खाचरात ती भीती जास्त, आपल्या कोरडवाहू रानात कमी. कॅडमियमचं मात्र तसं नाही, ते पाल्यात आणि दाण्यात सहज जातं. आणि मुख्य म्हणजे एका तळ्यात एकत्र असलेलं विष शंभर शेतांत पसरलं की ते परत गोळा करायची सोय जगात कुणाकडं नाही. तमिळनाडूतल्या कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्याचं बघा. तो २००१ मध्ये बंद पडला. एका कंपनीच्या एका आवारातली पारा मुरलेली माती. तरी ती किलोमागे किती मिलिग्रॅमपर्यंत साफ करायची, यावर पुढची वीस वर्षं वाद चालला. आपल्या गाळाला तर सातबाराही शंभर.

मोहोळकडच्या माझ्या मावसभावानं त्या उन्हाळ्यात वीस ट्रॉल्या टाकून घेतल्या. मी हे सगळं त्याला सांगितलं. तो काही न बोलता घरात गेला आणि मृदा आरोग्य पत्रिका घेऊन आला. "अण्णा, तपासून घेतलीय की माती. बघा ना." आम्ही दोघांनी ओट्यावर बसून ती वाचली. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. नत्र, स्फुरद, पालाश. गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. बारा रकाने, सगळे भरलेले. पाऱ्याचा रकाना नव्हता. शिशाचा नव्हता, कॅडमियमचाही नव्हता. "मग हे कुठं तपासत्यात?" त्यानं विचारलं. मी पुण्याच्या खासगी प्रयोगशाळेचा दर सांगितला. त्यानं पत्रिकेची घडी घातली, खिशात ठेवली, आणि उरलेल्या पाच ट्रॉल्या कधी येणार म्हणून ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला.